वऱ्हाडातली जीप, नव्वद नंबरचं तेल आणि उस्तादांची वही

गेल्या दिवाळीनंतर माझी जुनी जीप दुसऱ्या गिअरला खरखरायला लागली. ऐंशीच्या दशकातली महिंद्राची फोर व्हील गाडी. अब्बांनी सरकारी लिलावातून निघालेली एका शेतकऱ्याकडून घेतलेली. आम्ही भावंडं तिच्यातच शाळेला गेलो, तिच्यातच अब्बांना शेवटचं दवाखान्यात नेलं. त्यामुळे ती विकायचा विषय घरात निघत नाही.

अमरावतीहून अकोल्याला उस्तादांच्या गॅरेजवर गेलो. उस्तादांनी गाडी सुरू करूनही पाहिली नाही. आधी विचारलं, "तेल किसने बदला?"

मी सांगितलं की काही महिन्यांपूर्वी परगावी असताना एका दुकानात बदलून घेतलं. महागातलं टाकलं. रिकामा डबा अजून मागेच पडलेला होता, तो दाखवला. डब्यावर मोठ्या अक्षरात 90 लिहिलेलं होतं.

उस्तादांनी चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं वाचली. "नब्बे तो है बेटा. पर ये हौसिंग का है, गिअर का नई."

मग त्यांनी गिअरबॉक्सखाली पांढरा टब ठेवला आणि नट सोडला. तेल टबात उतरलं. उन्हात धरून पाहिलं तर त्यात सोनेरी चमक होती, हळदीकुंकवाच्या दुकानात मिळते तशा चमकीसारखी. "ये पीतल है. तेरी रिंगां घिस रई," उस्ताद म्हणाले.

इतिहासावर लिहिणारा माणूस मी. किल्ले, शिलालेख, फर्मानं यांवर पानंच्या पानं लिहिली. पण ज्या गाडीत बसून नरनाळा आणि गाविलगड पाहिले, तिच्या पोटात काय चालतं हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी गॅरेजमध्येच बसून राहिलो. हा लेख त्या बसण्यातून आला आहे.

एरंडेलापासून नव्वद नंबरपर्यंत

आपल्या वऱ्हाडात चाकाला तेल घालणं मोटारीबरोबर आलेलं नाही. बंडीच्या आसाला वंगण लागायचं. ते बहुतेक एरंडेलाचं असे. घट्ट, चिकट, उन्हाळ्यातही आसावर टिकून राहणारं. 1867 साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. त्या काळी हिंदुस्थानातल्या रेल्वेच्या यंत्रांनाही वंगण म्हणून एरंडेल वापरलं जाई.

पुढे 1909 साली इंग्लंडमधल्या वेकफिल्ड कंपनीने मोटारी आणि विमानांसाठी एक तेल काढलं. त्यात एरंडेल होतं. एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर म्हणतात, म्हणून तेलाचं नाव ठेवलं कॅस्ट्रॉल. आज गॅरेजच्या फळीवर तो डबा दिसतो तेव्हा त्या नावात आपल्या बंडीचं वंगण बसलेलं आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

गिअरचीही गोष्ट अशीच जुनी आहे. दातेरी चाकाचं एक मोठं काम म्हणजे फिरण्याची दिशा वळवणं. बैल विहिरीभोवती आडवा फिरतो आणि पाणी काढणारं चाक उभं फिरतं. या दोघांना जोडतात ते लाकडी दाते. बाबराने आपल्या आत्मचरित्रात लाहोर, दिपालपूर, सरहिंद या भागातल्या अशा रहाटाचं वर्णन केलं आहे. इरफान हबीब यांच्यासारख्या इतिहासकारांनी या दातेरी रहाटाचा आणि सरकी काढायच्या चरखीचा मध्ययुगातला प्रसार उलगडून दाखवला आहे. वऱ्हाडात रहाटापेक्षा मोट जास्त. पण कापसाचा मुलूख म्हटल्यावर चरखी आपल्याला परकी नाही.

जीपच्या मागच्या गोळ्यात क्राउन आणि पिनियन असतात, ते हेच काम करतात. इंजिनाकडून आलेला दांडा लांबीच्या दिशेने फिरतो आणि चाकं आडव्या आसावर. मधला काटकोन क्राउन-पिनियन वळवतात. फरक एवढाच की इथे दाते पोलादी आहेत आणि एकमेकांवर इतक्या दाबाने घासतात की साधं तेल मधून पिळून बाहेर पडेल. म्हणून या तेलात गंधक आणि फॉस्फरसची रसायनं मिसळतात. ती पोलादावर पातळ थर धरतात आणि दाते वाचवतात.

नेमकी हीच रसायनं पितळेच्या मुळावर येऊ शकतात. गिअरबॉक्समध्ये दोन गिअरांचा वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगा असतात. त्यांचं काम घासून वेग जुळवण्याचं. तेल फार निसरडं असलं की रिंग पकड घेत नाही आणि गिअर खरखरतो. वर गरम तेलातलं गंधक पितळ खात राहतं. म्हणून डब्यावरच्या 90 या आकड्याइतकंच त्याच्याखालचं बारीक अक्षर महत्त्वाचं. जीएल-5 हा दर्जा हौसिंगसाठी. जुन्या गिअरबॉक्सला जीएल-4. आकडा तेलाची घट्टी सांगतो, स्वभाव सांगत नाही. माझी चूक तिथे झाली.

तेलाचा स्वभाव बदलला की काय होतं, याचा धडा अमेरिकेलाही मिळाला होता. तिथल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात स्पर्म जातीच्या देवमाशाचं तेल मिसळत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला देवमासे वाचवण्यासाठी त्यावर बंदी आली. बंदी योग्यच होती. पण त्याच्या जागी आलेल्या सुरुवातीच्या तेलांनी गिअरबॉक्स बिघडू लागले आणि नवी रसायनं शोधावी लागली.

महिंद्रा आणि मोहम्मद

वऱ्हाडात जीप का रुजली, याचं उत्तर इथल्या मातीत आहे. काळी कपाशीची जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चाकाला बिलगते. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलडाण्यात पसरलेला खारपाणपट्टा तर पहिल्या पावसातच माणसाची चप्पल काढून घेतो. अशा पांदण रस्त्यावर मागच्या दोन चाकांची ताकद पुरत नाही. चारही चाकं ओढणारी गाडी लागते.

अशी गाडी दुसऱ्या महायुद्धाने दिली. 1941 पासून युद्ध संपेपर्यंत अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. युद्धानंतर विलीजच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत गाडी जोडायचं काम ज्या कंपनीने हाती घेतलं, तिचं 1945 सालचं मूळ नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू, आणि मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद.

हे गुलाम मोहम्मद अलिगढचे विद्यार्थी, हिशेबशास्त्रात पारंगत, आणि काही काळ निजाम सरकारचे अर्थमंत्री. इथे वऱ्हाडी वाचकाने थोडं थांबावं. 1853 पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता. 1902 मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्याने त्यांच्याकडे गेला. पण कागदावर मालकी निजामाचीच राहिली. 1936 च्या करारानंतर निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. म्हणजे ज्या जीपने पुढे वऱ्हाडचा चिखल तुडवला, तिच्या कंपनीचा एक संस्थापक एकेकाळी त्याच दरबाराची तिजोरी सांभाळत होता.

फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे 1951 ते 1955 गव्हर्नर जनरल. तिथल्या लोकशाहीला त्यांनी केलेली इजा तिथले लोक आजही विसरलेले नाहीत. इकडे 1948 मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. एम अँड एम ही अक्षरं तशीच राहिली.

ही गोष्ट आपल्याकडे दोन तऱ्हेने सांगितली जाते. एक, 'बघा, आमचाही वाटा होता.' दुसरी, 'बघा, शेवटी गेलाच ना.' मला दोन्हींत रस नाही. गुलाम मोहम्मद गेले, पण जीपच्या खाली झोपून काम करणारे मोहम्मद, अहमद, रशीद इथेच राहिले. त्यांचं नाव कुठल्याच पाटीवर नव्हतं, म्हणून ते पुसायची वेळही आली नाही.

लिलावातली जीप आणि पिंजाऱ्याचा पोऱ्या

2 ऑक्टोबर 1952 ला देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा वऱ्हाड मध्य प्रदेशात होतं आणि केंद्रात कृषिमंत्री होते आपल्या अमरावतीचे पंजाबराव देशमुख. विकास गटाबरोबर गटविकास अधिकारी आला आणि त्याच्याबरोबर जीप आली. 1 मे 1962 ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, जीपा वाढल्या. 1974 मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. धारणी, चिखलदरा, सेमाडोहच्या घाटांत जीपशिवाय गत नव्हती.

सरकारी जीप थकली की लिलावात निघते. ती शेतकरी घेई, नाहीतर सवारी वाहणारा. मागे दोन बाकडी, वर ताडपत्री, आणि आठांच्या जागी अठरा माणसं. एसटी न पोहोचणाऱ्या गावांना याच गाड्यांनी बाजार, दवाखाना आणि कॉलेज दाखवलं. या सगळ्या गाड्या कुणीतरी चालू ठेवत होतं.

आमचे उस्ताद पिंजाऱ्याच्या घरातले. दादा गावोगाव धनुकली घेऊन कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. यंत्रं आली, ते काम आटलं. अकोला, बडनेऱ्याच्या कापडगिरण्या पुढे बंद पडत गेल्या, तिकडची वाटही गेली. 1971 साली बारा वर्षांचा हा पोरगा गॅरेजमध्ये पोऱ्या म्हणून लागला. पहिलं वर्ष फक्त रॉकेलमध्ये सामान धुतलं. दुसऱ्या वर्षी पाना हातात मिळाला. तिसऱ्या वर्षी उस्तादांच्या उस्तादांनी डोळे मिटायला लावून हातात बेअरिंग दिलं आणि विचारलं, चांगलं की गेलेलं?

अशा घरांची संख्या मोठी आहे. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने हे देशाच्या पातळीवर मांडलं. मुस्लिम कामगारांत पगारी नोकऱ्यांचं प्रमाण कमी, स्वतःच्या हातावर पोट असणाऱ्यांचं जास्त. महाराष्ट्रात पुढे महमूद-उर-रहमान समितीने राज्यातल्या मुसलमानांच्या मागासलेपणाचा अभ्यास केला. अहवाल कपाटात गेले. बाहेर उरला एक टोमणा, 'पंक्चरवाले'. तुम्हीही तो मोबाईलवर वाचला असेल.

या टोमण्याला उत्तर म्हणून आपले लोक लगेच डॉक्टर, कलेक्टर, शास्त्रज्ञांची यादी पुढे करतात. यादी खरी आहे, अभिमानाचीही आहे. पण त्या उत्तरात आपण नकळत कबूल करतो की पंक्चर काढणं, तेल बदलणं हे लाजेचं काम आहे. ते मला मान्य नाही. मुलांना शिकू न देणारी परिस्थिती लाजेची. त्या परिस्थितीत कमावलेलं हुनर लाजेचं नाही.

तेल बदलायची रीत

ते हुनर कसं असतं, हे सांगण्यासाठी त्या दिवशी पाहिलेलं क्रमाने लिहितो. ज्यांच्या दारात जुनी फोर व्हील जीप असेल त्यांना उपयोगीही पडेल.

आधी गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणायची. तेल गरम झालं की पातळ होतं आणि गाळ घेऊन उतरतं. मग सपाट जागा, चाकाला दगड. चार ठिकाणं असतात: गिअरबॉक्स, त्याच्या मागे चिकटलेली ट्रान्सफर पेटी, मागचं हौसिंग आणि पुढचं हौसिंग. विलीजच्या धर्तीच्या जीपला चारही मिळून साधारण पाच-सहा लिटर तेल लागतं.

प्रत्येक ठिकाणी आधी वरचा, भरायचा नट सोडायचा. खालचा नंतर. उस्तादांनी हे तीनदा सांगितलं. खालचा आधी सोडून तेल काढून टाकलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथेच अडकते.

उतरलेलं तेल फेकायच्या आधी वाचायचं. चहात दूध घातल्यासारखा रंग म्हणजे आत पाणी गेलं. पितळी चमक म्हणजे रिंगा. लोहचुंबकाला बारीक काळी पेस्ट लागली तर ती नेहमीची झीज, पण टोचणारा तुकडा लागला तर दात तुटला. जळका वास म्हणजे गाडी तेल कमी असताना चालली. आणि तेलात लाकडाचा भुसा निघाला तर समजायचं की विकणाऱ्याने आवाज दाबायला तो घातला होता. जुन्या गाड्यांच्या बाजारातली ही जुनी लबाडी.

विलीजच्या धर्तीच्या जीपमध्ये गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर यांच्यामधून तेल एकातून दुसऱ्यात सरकतं. म्हणून एकाचंच तेल पाहून भागत नाही, आणि दोन्हींत तेल एकाच जातीचं लागतं. हौसिंगमध्ये मात्र गंधकवालं चालतं, किंबहुना तेच हवं. नवं तेल वरच्या भोकातून बाहेर पाझरेपर्यंत भरायचं. त्याहून जास्त कोंबलं तर ते सील फोडून ब्रेकच्या ड्रममध्ये जातं.

शेवटची गोष्ट सगळ्यात लहान. हौसिंगच्या वर श्वास घ्यायची एक छोटी टोपी असते. आपल्या काळ्या मातीने ती बुजते. गाडी तापली की आतली हवा फुगते, वाट न मिळाल्याने तेल सीलमधून ढकलते. तीच तापलेली गाडी नाल्याच्या थंड पाण्यात उतरली की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. उस्तादांनी तारेने टोपी साफ केली, रॉकेलने धुतली, फुंकून पाहिली. पाणी चाकाच्या तुंब्यापर्यंत आलं की दुसऱ्या दिवशी तेल बघायचंच, हा त्यांचा नियम.

काम चाललेलं असताना दर्यापूरकडचे एक शेतकरी आले. "उस्ताद, मागचं हौसिंग आवाज करून राह्यलं, जरा पाह्यता का?" उस्तादांनी जागेवरूनच विचारलं, आवाज गाडी ओढताना येतो की सोडल्यावर? "सोडल्यावर." उस्ताद म्हणाले, "पिनियन ढिला झाला असंल. सोमवारी आना." गाडी रस्त्यावर उभी होती, त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

वही

संध्याकाळी हिशेबासाठी उस्तादांनी कपाटातून वही काढली. मागे तशा आणखी नऊ-दहा होत्या. सगळ्यात जुनी 1983 ची. उर्दू लिपी, पण भाषा वऱ्हाडची. गावाचं नाव, गाडी, काय निघालं, काय टाकलं. 'दर्यापूर, सफेद जीप, आगे का हौसिंग, पानी निकला.' 'धारणी, जंगलवाली गाडी, ट्रान्सफर का कॉलर.' मी दोन तास वाचत बसलो. श्रावणात 'पानी निकला' ओळीला ओळ लागून येतं. नव्वदीनंतर सवारीच्या गाड्या वाढत जातात. पुढे पुढे फोर व्हील जीपच कमी होत जाते.

तेही साहजिकच. 2022 च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तासांत करून गिनीज विक्रम झाला. आता त्या रस्त्यावर चारही चाकं ओढायची गरज पडत नाही. पांदण रस्त्याला मात्र कुणी विक्रम करायला येत नाही, तिथे आजही ट्रॅक्टरच लागतो.

उस्तादांचा नातू आयटीआय करतो, नव्या गाड्यांच्या संगणकाचं काम शिकतो. छान पोरगा आहे. पण त्याला उर्दू वाचता येत नाही. वह्यांचं काय करणार, असं विचारलं तर उस्ताद सहज म्हणाले, "रद्दीवाला ईद के बाद आता."

मी त्या वह्या मागून घेतल्या. आता एकेक पान मोबाईलने टिपतो आहे, आणि गावांची नावं देवनागरीत उतरवतो आहे. गॅझेटियरमध्ये वऱ्हाडचे रस्ते सापडतात. त्या रस्त्यांवर गाड्या कुठे अडकल्या, कशामुळे अडकल्या आणि कुणी काढल्या, हे या वह्यांत आहे.

माझ्या जीपच्या रिंगा अजून तग धरून आहेत. योग्य तेल टाकल्यावर खरखर कमी झाली, पूर्ण गेलेली नाही. काढलेलं काळं तेल गॅरेजमधल्या पिंपात गेलं. नालीत ओतायचं नाही ही उस्तादांची ताकीद, आणि कायदाही तेच सांगतो. दर्यापूरच्या त्या शेतकऱ्याने जाताना मात्र त्यातलं अर्धा डबा मागून नेलं. घरी अजून एक बंडी आहे म्हणाला, आसाला लावतो.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात, मोहल्ल्यात, ओळखीच्या गॅरेजमध्ये, शिंप्याकडे, पिंजाऱ्याकडे अशा जुन्या वह्या असतील. लिपी वाचता येत नसली तरी रद्दीत देऊ नका. आधी फोटो काढून ठेवा. वाचणारा पुढे मिळेल.